चारठाण्याजवळच्या ट्रॅकवर कोणीही पडलं नव्हतं

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की शर्यतीत उडीच्या पलीकडे एक मुलगा पडला, म्हणून मी पिवळा झेंडा दाखवला. ते चूक आहे. कोणीही पडलं नव्हतं. चौथीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं आणि तिच्याकडे खोडरबर चालत नसे. चुकीवर एक रेघ मारायची आणि बरोबर ते शेजारी लिहायचं. म्हणून जुनी पोस्ट तशीच ठेवते आणि सगळा प्रवास पुन्हा, नीट सांगते.

माझी मावसबहीण श्वेता एकोणीस वर्षांची आहे आणि मातीतल्या शर्यतीची मोटारसायकल चालवते. त्या रविवारी सहा मुलांसोबत ती एकटी मुलगी उतरणार होती. मला स्कूटीवरसुद्धा वळणावरच्या वाळूची धास्ती वाटते. पण ट्रॅकवर झेंडा धरायला माणूस हवा होता, आणि "भित्रं माणूस नीट बघतं" असं म्हणून तिने मला सोबत घेतलं.

परभणीहून साडेपाचला निघालो. तिची गाडी पिकअपमध्ये दोरीने आवळलेली, कारण दिवे आणि नंबरप्लेट नसलेली ही गाडी रस्त्यावर चालवायची नसते. बोरीला चहा, जिंतूरला पोहे, दोघींचे मिळून शंभराच्या आत. जिंतूरच्या पुढे मुरमाचे माळ लागतात. चारठाण्याची जुनी मंदिरं जातानाच बघून घ्या. आम्ही ती परतीच्या वाटेवर बघायचं ठरवलं, आणि परतताना आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.

ट्रॅक सलीमभाईंचा. त्यांचं गॅरेज आहे. पोरं भर रस्त्यात गाड्या पळवतात याला वैतागून त्यांनी एक पडीक माळ भाड्याने घेतला. तुम्ही जाणार असाल तर त्यांचे नियम आधीच ऐकून ठेवा. सकाळी सातला सगळ्यांनी ट्रॅक पायी फिरायचा आणि दगड वेचायचे. हेल्मेट, उंच बूट, गुडघ्यांच्या ढाली आणि मानेचा पट्टा यातलं एक जरी नसलं तर गाडीला किक मारू देत नाहीत. अठराच्या आतल्या मुलासोबत आई नाहीतर वडील हजर पाहिजेत. अ‍ॅम्ब्युलन्स फाटकात उभी राहिल्याशिवाय शर्यत सुरू होत नाही. प्रवेश पाचशे रुपये, त्यात जेवण.

पायी फेरीत त्यांनी मला मोठ्या उडीच्या उंचवट्याच्या कडेला उभं केलं.

"बेटा, चालवनाऱ्याला ह्याच्या पल्याडचं दिसत न्हाई. तू बघायचं. तुलाबी दिसलं न्हाई तर पिवळा. पिवळा दिसला की चाक जमिनीवर, आन् कुनी कुनाला मागं टाकायचं न्हाई."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर दोन मिनिटं जातील. अजून काय?"

सुरुवातीला सगळं दिसत होतं. पाण्याचा टँकर एकदाच फिरला होता, त्यामुळे चौथ्या फेरीपर्यंत धूळ उठून तिथेच टांगून राहिली. सात गाड्या माझ्यासमोरून धुळीत गेल्या. पुढच्या वळणावर मी मोजल्या तर सहा निघाल्या. सातवीची वाट पाहिली. आली नाही. तोवर शेवटच्या फेरीत श्वेता सगळ्यांच्या पुढे, थेट उडीकडे येत होती.

मी झेंडा हलवला. तिने वेग तोडला आणि दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून उंचवटा पार केला. मागून दुसऱ्या नंबरवरचा गोविंद आला. त्याने झेंड्याकडे मान वळवून पाहिलं, मी ते पाहिलं, आणि तरी उडी घेऊन तो तिच्या पुढे गेला. तिथून पुढेच राहिला.

शर्यत संपल्यावर कळलं, सातव्या गाडीची चेन उतरली होती. चालवणारा मुलगा ती ढकलत ट्रॅकबाहेर गेला होता, अगदी धडधाकट.

"ओ ताई, पिवळं दाखवायलाव, कुनाची हळद हाय का?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

श्वेताने हेल्मेट काढलं. "सलीमभाई, यानं मला पिवळ्यात मागं टाकलं."

"कशाचा पिवळा?" गोविंद म्हणाला. "पडलं कोन? सांगा ना. तुमची ताई भ्याली, आन् त्याची शिक्षा मला?"

सलीमभाईंनी गर्दीकडे पाहिलं. "कोनी पडलं न्हाई ना? मग जाऊ द्या आता."

पहिला नंबर गोविंदला दिला. मी तिथेच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. जेवणात भाकरी, पिठलं आणि लय झणझणीत ठेचा होता. माझी भाकरी अर्धी राहिली.

घरी येऊन मी पोस्ट लिहिली आणि तिच्यात एक मुलगा पाडला. मला कोणी भित्री म्हणू नये एवढंच त्यामागे होतं. दोन दिवसांनी श्वेताचा फोन आला.

"कोण पडलं गं? नाव सांग."

"कोणी नाही."

"मग असलं काय लिहायलीस तू? गोविंद ते सगळ्यांना दाखवायलाय. म्हणतो, पडलेला माणूस खोटा, म्हणजे झेंडाबी खोटा. जी काय माझी बाजू होती, तीपण तूच बुडवलीस."

तेव्हापासून तिचा फोन नाही. तिचं बरोबर आहे. पण झेंड्याबद्दल मी माघार घेणार नाही. हो, मी भ्याले. सात गाड्या धुळीत जाऊन सहाच बाहेर आल्यावर जो भीत नाही, त्याच्या हातात झेंडा देऊ नका. गाडी पलीकडे आडवी पडली होती की कडेला उभी होती, हे मला दिसत नव्हतं, आणि दिसत नसेल तर पिवळा, हा नियम माझा नाही. माणूस पडल्यावरच झेंडा खरा ठरणार असेल, तर मग पुढच्या वेळी आधी कोणाला पाडायचं ते ठरवा.

माझ्या हातात पुन्हा झेंडा देतील की नाही, माहीत नाही. त्याच उडीवर उभी केली तर आणि समोरचं दिसलं नाही तर मी तो पुन्हा हलवणार, कोणीही पुढे असो. पण त्याआधी, पुढच्या शर्यतीच्या पायी फेरीला सगळे जमतील तेव्हा, गोविंद आणि सलीमभाईंच्या तोंडावर, मी दोन गोष्टी सांगणार आहे: पोस्टमध्ये मी खोटं लिहिलं, आणि पहिला नंबर श्वेताचा आहे. सकाळी सात वाजता, होळीच्या आधीच्या रविवारी.