नडगीला लागलेला अंगठा

नाताळानंतरच्या शनिवारी किहीमच्या वाळूत आमच्या चर्चच्या मंडळीची कबड्डी होते, विवाहित विरुद्ध अविवाहित. बंधुभाव वाढावा म्हणून सुरू केली होती. बंधुभावाचं माहीत नाही, गुडघ्यांना बांधायचे पट्टे मात्र दरवर्षी वाढतात.

पाळकसाहेब पंच असतात. त्यांना शिट्टी छान वाजवता येते, कबड्डी कळत नाही. म्हणून स्पर्श झाला की नाही, हे ज्याला झाला त्यानेच सांगायचं, असा आमच्यात नियम आहे. ख्रिस्ती माणूस खोटं बोलणार नाही, हे त्यात धरून चाललंय. नियम करणाऱ्याने आमची मंडळी नीट पाहिली नसावी.

अविवाहितांचा कर्णधार माझा शाळेतला मित्र. आम्ही दोघंही पन्नाशीला टेकलोय. त्याच्या संघातले तरुण लग्न करून एकेक आमच्या बाजूला येतात, हा तिथेच राहतो आणि दरवर्षी हरतो. चर्चमध्ये पेटी तोच वाजवतो. या वेळी मैदानात उतरताना म्हणाला, "गुडघा संपला रे. एकदा जिंकतो नि बसतो."

गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई त्याची होती. बरोबरी झाली तर करंडक आधीच्या विजेत्यांकडेच राहतो, म्हणजे आमच्याकडे. तो लंगडत आला, दम धरून घुमला, मागे वळताना पाय फेकला. त्याचा अंगठा माझ्या नडगीला लागला. चांगला लागला, नख जाणवलं. तो रेषेपलीकडे पोचला आणि पाळकसाहेबांनी मला विचारलं, "वडील, तुम्हीच सांगा."

मंडळीने मला वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा ज्येष्ठ, म्हणून निवडून दिलंय. दर रविवारी पापकबुलीची प्रार्थना मी सांगतो, लोक माझ्यामागे म्हणतात. इतक्या वर्षांच्या सरावाने मी शांतपणे म्हणालो, "नाही लागला."

त्याच्या संघातले ओरडायला लागले. त्यानेच त्यांना गप्प केलं. "वडील सांगतोय ना? मग न्हाय लागला."

करंडकासोबत आमच्या संघाला कोंबडीचं जेवण होतं. मी दोनदा वाढून घेतलं, हेही लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. सगळ्यांचं झाल्यावर पेटीपाशी द्राक्षरसाचा पेला नेऊन देणं माझ्याकडे असतं, कारण गीत चालू असताना त्याला उठता येत नाही. रात्रभर मी देवाकडे क्षमा मागितली होती. देवाकडे मागणं सोपं, तो किहीमला राहत नाही. आता पेला घेऊन मी याच्यासमोर उभा होतो. वाकून हळूच म्हणालो, "लागला होता."

"माहीत हाय," तो वाजवता वाजवता म्हणाला. "पाय माझाच होता."

मी पेला पुढे केला. त्याने पेटीवरचे हात उचलले नाहीत. हनुवटीने मागच्या लोकांकडे खूण केली. "आधी त्यांना सांग."

गीताचं शेवटचं कडवं संपलं, त्याने ते पुन्हा सुरू केलं. लोकांनी म्हटलं. त्याने तिसऱ्यांदा सुरू केलं. पाळकसाहेब घड्याळाकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. चौथ्यांदा मात्र लोक थकले आणि नुसती पेटी वाजत राहिली. मी वळलो आणि हातात पेला तसाच धरून म्हणालो, काल मला पाय लागला होता, मी खोटं बोललो.

पेटी थांबली. विवाहितांच्या बाकांवरून मोठा उसासा आला. तो माझ्या पापाबद्दल नसून करंडकाबद्दल होता, हे मला चेहऱ्यांवरून कळलं. त्याने पेला घेतला, प्यायला, परत दिला.

पाळकसाहेबांनी सूचनांच्या वेळी, आवाराची सफाई आणि महिला मंडळाची सभा यांच्या मधोमध, अविवाहित संघ विजयी झाल्याचं वाचलं. प्रभुभोजनाच्या उपासनेत आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत. लोकांनी आमेन म्हटलं. तो पेटीचा भाता बंद करत होता, त्याने मान वर केली नाही.

दुपारी मी करंडक त्याच्या घरी नेऊन दिला. शनिवारी वाळूत पोरांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं असतं. ते कसं नेऊन द्यायचं, मला अजून कळलेलं नाही.