माणशी चार चमचे कोशिंबीर

"आहेत कुठले?"

घरी जेवण आहे, साठ माणसं येतील, बफे ठेवायचाय, असं कुणी सांगितलं की आमच्या शेजारच्या काकूंचा पहिला प्रश्न हाच. नुसता साठ हा आकडा त्यांच्या लेखी अपुरा होता. उत्तर मिळालं की त्या डोळे मिटत, अंगठ्याने बोटांची पेरं मोजत आणि निकाल देत. "निम्मे निफाडचे? मग कोशिंबीर आवर, ठेचा वाढव. बँकेतले असते तर उलट. त्यांना ताटात हिरवं दिसलं की तब्येत सुधारल्यासारखी वाटते."

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एक माणूस असेल, ज्याला विचारल्याशिवाय कुणाकडे पातेलं चढत नाही. आमच्या पंचवटीतल्या तीन मजल्यांवर हा मान काकूंचा. भाजी, पुऱ्या, जिलबी यांत त्या लक्ष घालत नसत. "ते कुणीही सांगेल," म्हणायच्या. त्यांचा प्रांत ताटाची डावी बाजू: चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. आता बफेच्या प्लेटला कसली डावी आणि कसली उजवी, पण हे त्यांना सांगणार कोण.

"बफेत माणूस पोटाने घेत नाही, डोळ्यांनी घेतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून पापड टेबलाच्या शेवटी; सुरुवातीला ठेवला तर माणूस तो मोडत तिथेच गप्पा मारत उभा राहतो. कोशिंबिरीत चमचा लहान, आणि तो त्या स्वतःच्या घरून पिशवीत घालून आणत. माणशी चार चमचे, वर काही नाही. "उरलं तर फ्रीज शिव्या देतो, कमी पडलं तर व्याही. दोघांनाही संधी द्यायची नाही."

माझ्या मुलीचा साखरपुडा घरीच होता. मुलाकडचे वणीचे, सगळे मिळून पन्नास जण, आणि काकूंनी सांगितलेल्या मोजक्याच काकड्या बघून मला रडू यायचंच बाकी होतं. काकू देवपूजेला घरी गेल्या तेवढ्यात मी दोन किलो काकडी गुपचूप जास्त चोचवली. त्या परत आल्या, दुसऱ्या पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "माझ्यावर भरवसा नव्हता तर आधी सांगायचंस. मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरला बोलावलं असतंस."

माझं पातेलं त्यांनी आत सरकवलं. त्यांचं शेवटच्या पाहुण्याबरोबर संपलं, अगदी पुसून. माझ्या दोन किलोला पाणी सुटलं आणि आम्ही तीन दिवस काकडीची थालीपीठं खाल्ली. चौथ्या दिवशी नवऱ्याने शांतपणे विचारलं, "व्याह्यांना एखादा डबा पाठवायचा का?"

अशा जेवणात काकू सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या, उभ्यानेच, ताटलीत वरण-भात घेऊन. "काकू, नीट वाढून घ्या ना," म्हटलं की "माझं होईल गं." बाईंना कोशिंबीर आवडत नसावी, असं मी आपलं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याची जीभ ओळखणाऱ्या बाईला तिची आवड विचारावी, हे मला वीस वर्षांत सुचलं नाही.

या उन्हाळ्यात काकू गेल्या. तेराव्याचं जेवण त्यांच्याच घरी, चाळीस माणसांचं. त्यांची सून म्हणाली, "ताई, डावी बाजू तुम्ही बघाल का? आज कमी पडायला नको, आणि उरायलाही नको. आईंना चाललं नसतं."

मी पेरं मोजली. मला धरून चाळीस, माणशी चार चमचे. या वेळी एकही काकडी जास्त घेतली नाही. त्यांचाच लहान चमचा शोधून पातेल्यात ठेवला.

रीतीप्रमाणे आधी काकूंच्या नावाचं पान वाढलं. मग माणसं जेवली. सगळ्यात शेवटी मी प्लेट घेतली, तर कोशिंबिरीचं पातेलं रिकामं. धस्स झालं. पुन्हा पेरं मोजली, दोनदा मोजली. चूक सापडेना.

तेवढ्यात सून शेजारी येऊन उभी राहिली. कोपऱ्यातल्या पानाकडे बघत म्हणाली, "आईंना थोडी जास्त वाढायला हवी होती. फार जीव होता त्यांचा कोशिंबिरीवर. घरात रोज पहिली वाटी त्यांची असायची."

चार चमचे त्या पानावर होते. एकेचाळिसावं पान. आमच्या प्रत्येक कार्यात काकूंनी सगळ्यांना धरलं होतं, अगदी खुर्च्या पोचवायला आलेल्या माणसालासुद्धा. स्वतःला तेवढं धरलं नव्हतं, म्हणून पातेलं बरोबर संपायचं. आणि आम्ही शहाण्या बायका त्या पुसलेल्या पातेल्याचं कौतुक करत राहिलो. मला फार वाईट वाटलं.

मी वरण-भात घेतला आणि उभ्यानेच खायला लागले.

"ताई, तुम्हाला कोशिंबीर राहिलीच नाही का?" सुनेने विचारलं.

"माझं होईल गं," मी म्हटलं.