हळदीचे पाय

कुरुंद्याला आमच्या घरी वाळलेली हळद गोणपाटावर पसरून पायांनी घासत, साल निघून तिला चकाकी यावी म्हणून. निजामाच्या अमलातली गोष्ट. मी तेव्हा लग्नाच्या वयाची. वडील या कामात वाघ. अंघोळ केली तरी त्यांच्या तळव्यांचा पिवळा रंग जात नसे. "हळदीत मुरलेले पाय हायेत, यांना काय होतंय?" असं ते म्हणत आणि आम्हालाही ते पटे. खरचटलं, कापलं की आम्ही हळदच तर लावायचो.

त्यांना मधुमेह होता. वसमतच्या डॉक्टरनं गूळ बंद करायला सांगितलं होतं. पायांबद्दल काही सांगितलं असेल, तर ते वडिलांनी घरापर्यंत आणलं नाही.

एका दुपारी ते जेवायला आले आणि मी सारवलेल्या जमिनीवर ओले ठसे उमटले, तेही एकाच पायाचे. माझं डोकंच फिरलं. "पाय पुसून येता येत न्हाई का?" म्हणत मी फडकं घेऊन त्यांचा पाय उचलला. बोटांखाली सुपारी मावेल एवढं भोक, त्यातून पू झिरपत होता. त्यात काहीतरी काळं रुतलेलं.

चिमट्यानं ओढलं तर दाभणाचं मोडकं टोक निघालं. पोती शिवताना ते दाभण मोडलं, त्याला आठ दिवस होऊन गेले होते. आठ दिवस हा माणूस ते पायात घेऊन हळद घासत होता! मी किंचाळले. वडील भाकरी मोडत म्हणाले, "काहून वरडून राहिलीस गं? काय झालं?"

त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्या घासासकट त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

हिंगोलीला नेलं. डॉक्टरनं दोन बोटं काढली, पाय कसाबसा वाचला. आम्हाला मात्र तो कडाडलाच, "मधुमेहामुळे यांच्या पायाला दुखणं कळत नाही, ते तुम्ही डोळ्यांनी बघायचं. रोज तळवे बघा. जोडा घालण्याआधी आत हात फिरवा. अनवाणी पाऊल टाकू देऊ नका."

आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "रोज सकाळी यांच्या पायावर डोकं ठेवत आले मी. तळवा कदी बघितला न्हाई."