बरणीचा काठ

१९८५ च्या मार्चात भद्रावतीजवळच्या एका भट्टीतून चिनी मातीच्या एकवीस बरण्या निघाल्या. त्यांतल्या चौदांची झाकणं उघडली नाहीत.

त्या घडवणारा माझा शेजारी होता. पन्नाशीचा, बायको वारलेली. भट्टी चौघा कुंभारांची सामायिक. झाकणाच्या बरण्या मात्र तो एकटाच करायचा. बरणी आणि झाकण एकाच गोळ्यातून काढायचा, एकावर एक ठेवून वाळवायचा आणि तसंच भाजायचा. वेगळं भाजलेलं झाकण वाकतं, मग बसत नाही, असं त्याचं म्हणणं. अट एकच. झाकण जिथे टेकतं त्या काठावर ग्लेजचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाचा, कणही राहता कामा नये. राहिला, तर तो आगीत वितळून दोन्ही कायमचं चिकटवतो. वाळलेलं ग्लेज पांढुरकं, मातीही पांढुरकी. डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून तो ओल्या फडक्याने काठ पुसायचा आणि मग त्यावरून बोट फिरवायचा.

भट्टी भरायच्या दुपारी बाकीचे तिघे जेवायला गेले, तेव्हा त्याने मला बोलावलं. शर्टाची लांब बाही वर केली. मनगटावर फिकट चट्टा होता. दोन बोटांच्या मध्ये विडीने भाजलेला फोड.

"भाऊ, बोटाले काईच समजून नाई राह्यलं," तो म्हणाला. "तुमी बोट फिरवून पाहा. भुकटी लागली का सांगा, मी पुसतो."

"दवाखान्यात दाखवलं?"

"दाखवलं का महारोग म्हणून गावाले समजते. लोणच्याच्या बरण्या आहेत ह्या. माह्या हातच्या कोण घेईन?"

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. पाकीट साडेचारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यावं लागे. पहिल्या चार बरण्यांवर मी बोट फिरवलं. दोन पुन्हा पुसाव्या लागल्या. मग मी घड्याळ पाहिलं. उरलेल्या सतरा नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या.

"एकेक पाह्यली ना, भाऊ?"

"पाहिली."

पाचव्या दिवशी भट्टी उघडली. माल अजून चटका देत होता. तिघे हाताला पोतं गुंडाळून तो काढत होते. एक झाकण निघेना. दुसरंही निघेना. वयाने मोठा भागीदार हसला. "काऊन बे, लोणचं आत टाकूनच झाकण मारलं का?"

सहाव्यानंतर कोणी हसलं नाही. माझा शेजारी लाकडाच्या तुकड्याने काठावर हलके ठोके देत होता. एक झाकण फुटलं. तो वाकला, भट्टीतून एक बरणी उघड्या हातांनी उचलली आणि तळव्यांत धरून झाकण पिळत राहिला.

"अबे सोड! हात जळून राह्यला तुह्या!" भागीदार ओरडला.

त्याने हाताकडे पाहिलं. मग बरणी खाली ठेवली. भागीदाराने त्याची बाही वर सारली, चट्टा पाहिला आणि आपला हात धोतराला पुसला.

"कधीपासून?"

त्याने बाही परत खाली ओढली. माझ्याकडे पाहिलं नाही. काठ तपासायचं काम माझं होतं, हे मी सांगितलं नाही.

उघडलेल्या सात बरण्याही त्याच दुपारी भट्टीमागच्या खड्ड्यात फोडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला कुलूप होतं. वडशाला बहिणीकडे गेला, असं एकजण म्हणाला. अहेरीच्या बाजारात दिसला, असं दुसरा. दोन्हींची खात्री मला करता आली नाही. पुढची भट्टी एप्रिलमध्ये लागली. तिच्यात फक्त फुलझाडांच्या कुंड्या होत्या.