पाच मीटर मांजरपाट

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं माझी आई सांगायची. पण सगळीकडे 'हे, हे' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळायचं नाही की हे म्हणजे कोण, म्हणून नावानेच लिहिते. निंबा. घरात मी अहो-जाहो करते, इथे अरे-तुरे करणार आहे. तीस वर्षांच्या संसारानंतर बाईमाणसाला एवढी सवलत मिळायला हरकत नाही.

निंबा अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मोटार रिवाइंडिंग करतो. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती त्याच्याकडे आणून टाकतात, आणि तो ती पुन्हा चालती करून देतो. हात चांगला आहे, हे मी त्याच्यासमोर कधी बोलत नाही. खोड एकच, जी वस्तू घरी करता येईल ती विकत आणायची नाही, आणि ट्रायल घेतल्याशिवाय करायची नाही. आमचा कूलर त्याने स्वतः केलाय. तो लागला की शेजारच्या गल्लीतली म्हैस उठून उभी राहते. देव्हाऱ्यातली समई त्याने एकदा बटणावर लावून दाखवली होती, तेव्हा मी दोन दिवस माहेरी जाऊन बसले होते.

मागच्या उन्हाळ्यात त्याने जळगावहून एक जुना प्रोजेक्टर आणला. कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासचा होता, क्लास बंद पडला आणि मालकाच्या शेतातली मोटार दुरुस्त केल्याबद्दल ह्याला मिळाला. मला वाटलं, आता क्रिकेटची मॅच भिंतीवर बघणार. पण त्याच्या डोक्यात दुसरंच होतं, आणि ते माझ्या लग्नाचं होतं.

माझ्या लग्नात मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देत होते. आमच्याकडे खानदेशात जेवण खारट झालं तरी लोक विसरतात, पण टोपी राहिली तर विसरत नाहीत. माझे सासरे, भाईदास आबा, पंगतीत बसलेल्या एकेकाच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी ठेवत निघाले होते. आबांचे चुलतभाऊ पुना नाना म्हणतात, मला सोडून भाईदास पुढे गेला. आबा म्हणतात, मी माझ्या हाताने टोपी घातली, ह्यानेच कुठेतरी पाडली. लहानपणापासून एका ताटात जेवलेले हे दोघे त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत. लग्न माझं, पण गावात आजही त्याला टोपीचं लग्न म्हणतात. माझ्या पैठणीची आठवण कोणालाच नाही.

आबा आता पंच्याऐंशीचे. एक डोळा गेला, दुसऱ्याचं ऑपरेशन झालंय. प्रोजेक्टर येण्याआधीच्या थंडीत ते आजारी पडले आणि उठल्यावर निंबाला म्हणाले, "मी खरा शे का खोटा, हाई पुनाले दखाडानं शे. तोपर्यंत माले सुखनं मरन येवाव नही." लग्नाची व्हिडिओ कॅसेट कपाटात होती. निंबाने ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. पण आमच्या टीव्हीवर पंगतीतली माणसं तांदळाएवढी दिसायची, आबांना तेवढीही नाही. आबांनी बजावून ठेवलं, "अर्धंमुर्धं लावू नको. मोठं लाव, आनि पुना समोर बठेल व्हयी तव्हय लाव." निंबाने ते मनावर घेतलं. बापाची अब्रू पडद्यावर ठरणार होती, मग पडदा साधा कसा चालेल!

पहिली गेली माझी चादर. ट्रायलसाठी लग्न लावायचं नव्हतं, म्हणून माझ्या मोबाइलमधला पोषण आहाराचा व्हिडिओ लावला. मी अंगणवाडी सेविका आहे, तो व्हिडिओ मला तोंडपाठ आहे. चादरीवर पालकाची जुडी दिसली, पण पालकाच्या आत आमचं कपाट आणि त्यावरची लोणच्याची बरणीसुद्धा दिसली. चादर पातळ, उजेड आरपार जात होता.

मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स आला. मागची बाजू पांढरीशुभ्र. निंबा खुश. पण चित्र उजळ झालं की पुढच्या बाजूचे हात जोडलेले भाऊ मागून उमटायचे. डाळीच्या खिचडीत मिशा दिसायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, हे आबांच्या पंगतीत बसले तर नाना म्हणतील, माझी टोपी ह्यालाच दिली.

तिसरा आला मल्चिंग पेपर, शेतात वाफ्यावर अंथरतात तो, एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने काळा. उजेड आरपार जाणार नाही हे खरं, पण चंदेरी बाजू अशी चमकली की मधोमध नुसता भडका आणि कडेला अंधार. सावद्याच्या एका केळीवाल्या मित्राने घडाला घालायच्या पांढऱ्या पिशव्या पाठवल्या, त्याही फाडून जोडून झाल्या. जोड दिसत होते. निंबा खिशात चिंध्या घेऊन फिरायला लागला. कोणाच्याही सदऱ्याचं टोक धरून टॉर्च मारून बघायचा. एका मुंजीत त्याने भटजींच्या उपरण्यावर टॉर्च मारला, त्यानंतर मी त्याच्याबरोबर कार्यक्रमांना जाणं सोडलं.

इकडे आबा रोज विचारायचे, "व्हयना का पडदा?" आणि तिकडे पुना नानांनी निरोप पाठवला होता की भाईदासच्या घरात मी पाय ठेवणार नाही, पडदा सोन्याचा असला तरी. म्हणजे पडद्याचा पत्ता नाही आणि बघणाराही नाही.

शेवटी निंबाला उत्तर सापडलं. मांजरपाट. जाड, पांढरा, न चमकणारा. मोठ्या पन्ह्याचा घेतला तर मध्ये जोड येणार नाही, आणि दुहेरी लावला तर उजेड मागे जाणार नाही. अडीच मीटर लांबी, दुहेरी म्हणजे पाच मीटर. एका गुरुवारी दुपारी तो मोटारसायकल घेऊन अमळनेरला निघाला. निघताना मी म्हटलं, पाण्याचं मडकं फुटलंय, येताना एक आणा. ही माझी चूक.

अमळनेरच्या बाजारात प्रेमराज शेठचं कापडाचं दुकान आहे. शेठ आमच्याच गावचे. निंबा त्यांच्याकडे गेला की अर्धा तास कापड चोळून, ताणून, उजेडाला धरून बघतो आणि मग भाव करतो. त्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला, "शेठ, मांजरपाट, मोठा पन्हा, पाच मीटर. लवकर फाडा." भाव केला नाही, कापडाला हात लावला नाही. त्याची ट्रायल आधीच झाली होती, पण शेठना हे कसं कळणार? पांढरं कापड बिनभावाने आणि घाईने कधी नेतात हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. शेठनी काही विचारलं नाही. अशा वेळी विचारत नाहीत. तो वळला तसा त्यांनी गावात भावाला फोन लावला.

पुढे निंबाने पडदा ताणायला दोन बांबू घेतले. बांधायला सुतळी घेतली. मग मडकं घेतलं. मांजरपाट, दोन बांबू, सुतळी आणि मडकं असा सगळा संसार मोटारसायकलवर लादून तो एसटी स्टँडवरून गेला, आणि तिथे गाडीची वाट बघत आमच्या गावची तीन माणसं उभी होती. त्यांनी चपला काढून हात जोडले. निंबानेही मान हलवली. त्याला वाटलं, आज लोक चांगले वागतायत.

तिथून तो खाजाभाई टेलरकडे गेला, कापडाच्या दोन्ही कडांना बांबू घालायला नळी शिवून घ्यायला. त्याचा फोन गावातच, त्याच्या दुकानात चार्जिंगला राहिला होता. खाजाभाईंनी कापड बघितलं, बांबू बघितले, मडकं बघितलं आणि हळूच म्हणाले, "निंबाभाऊ, गमीच्या, मयताच्या कापडाला कोणी शिलाई मारतं का? नक्की काय आहे?" निंबा म्हणाला, पडदा आहे, आणि हसून सोडून दिलं. तालुक्यात डोकं चाललं ते एकट्या खाजाभाईंचं.

मला अंगणवाडीत निरोप आला. निरोप म्हणजे शेजारीण रडतच आली, "आबा गयात वं माय!" मी आबांना दुपारी जेवू घालून, दार ओढून गेले होते. सकाळी त्यांनी शिरा मागितला होता आणि मी उद्या करते म्हटलं होतं. तेवढंच मनात येत राहिलं. घराकडे पळत आले तो ओट्यावर पंचवीस बाया, अंगणात माणसं, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आबांचा फुलांच्या चौकटीतला फोटो. खोटं बोलत नाही, मीही गळा काढला. घरचं माणूस आल्याशिवाय कोणी आत गेलं नव्हतं. मी दार ढकललं तर आबा खाटेवर सरळ निजलेले आणि तोंडावर पांढरा टॉवेल. उन्हाळ्यात ते तोंडावर ओला टॉवेल घेऊनच निजतात, हे रोज बघणारी मी त्या क्षणी विसरले आणि त्यांच्या पायावर पडले.

आबांनी टॉवेल काढला. "काय व्हयनं? कोन गया?"

माझ्या मागच्या दोन बाया मागच्या मागे ओट्यावर गेल्या. कोणीतरी किंचाळलं. आबा उठून बसले, गर्दी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "निंबाले काही व्हयनं का?" म्हणून तेच रडायला लागले. कोणी कोणाला समजवायचं हे ठरेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग पाच मीटर मांजरपाटाचं कळल्यावर आबा डोळे पुसत दारात आले आणि म्हणाले, "पडदाना कपडा व्हयी तो." सगळं अंगण हसलं. मीही हसले आणि हसताना पुन्हा थोडं रडले.

लोक निघणार, तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावरून आवाज आला. पुना नाना. शेतातून तसेच निघालेले, पायात चप्पल नाही, काठी टेकत, मोठ्याने रडत. "भाईदास! माले एकला सोडीसन गया रे! आते मी कोनासंगे भांडू?" डोळ्यांत पाणी आणि दृष्टी आधीच कमी, त्यामुळे दारात कोण उभंय हे त्यांना दिसलंच नाही. त्यांनी समोरच्या माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडत राहिले. तो माणूस आबाच होते.

आबांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको, पुना."

नानांनी डोकं उचललं, डोळे पुसून जवळून बघितलं. "जित्ता शे?"

"शे."

"मंग माले रडाडं कसाले?" नाना असे भडकले की काठी उगारली. वळून निघालेसुद्धा. पण शेतापासून अनवाणी चालून आलेला म्हातारा, पाय भाजलेले. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि पायांवर पाणी ओतलं. पाय पाण्यात असताना माणूस रागाने निघून जाऊ शकत नाही.

पाच वाजता निंबा आला. अंगणात एवढी माणसं आणि मध्ये पुना नाना बघून त्याला वाटलं, आबांनी सगळ्यांना बोलावलं. तो म्हणाला, "अंधार पडू द्या. मंग लावतो." कोणी त्याला काही सांगितलं नाही. मीही नाही. त्याने बांबू पुरले, पडदा ताणला, सुतळी आवळली. एक सुरकुती नाही. मी तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर म्हणाले की हात चांगला आहे.

दिवेलागण झाली आणि पडद्यावर माझं लग्न लागलं. व्हिडिओवाल्याच्या करामतीने मी गुलाबाच्या फुलातून बाहेर आले, पैठणी दिसली, बायांनी वाहवा केली. मग पंगत. काळ्या मिशांचे आबा टोप्यांची चळत घेऊन निघाले. एक टोपी, दुसरी, तिसरी. माणसं खऱ्या माणसांएवढी दिसत होती. मग पुना नाना आले, तीस वर्षांनी लहान, ताठ. आबा जवळ येताना बघून त्यांनी टोपीसाठी डोकं थोडं पुढे केलं. तेवढ्यात मागून कोणीतरी आबांना हाक मारली. आबा वळले, काहीतरी बोलले, परत फिरले आणि पलीकडच्या माणसाच्या डोक्यावर टोपी ठेवली. नानांचं डोकं तसंच पुढे राहिलं. मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि केस सारखे केले.

निंबाने व्हिडिओ थांबवला. अंगणातल्या शंभर माणसांनी ते बघितलं होतं. मी आबांकडे बघायचं टाळलं.

पुना नाना खुर्चीत हलले. "निंबा, कपडा बराबर नही रे तुन्हा," ते म्हणाले. "माले काहीच दिसनं नही."

निंबाचा पडदा कोणी वाईट म्हणावा आणि त्याने ऐकून घ्यावं, असं होत नाही. तो तोंड उघडणार, मी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

पण आबा उठून उभे राहिले. नानांच्या खुर्चीशेजारी टाकलेल्या खाटेचा आधार घेतला, नानांकडे वळले. "कपडा बराबर शे, पुना. माले बठ्ठं दिसनं, एकूणएक. मीच चुकनू रे."

"ते माले तीस वरीसपाइन म्हाईत शे," नाना म्हणाले, आणि त्यांनी आबांचा हात धरून खाली ओढलं. "बठ आते. मन्हासंगे बठ."