टेलिव्हिजन न बघता शिकलेलं जर्मन

नवऱ्याला घरी बोलवायचं होतं, आणि मी त्याला लिहिलं, "आहेस तिथंच राहा." तेही जर्मनमधून. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती अशी बघतात, की आजी एकतर थापा मारतेय नाहीतर तरुणपणी ठार वेडी होती. थापा मी मारते. पण ही थाप नव्हे.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. बेंबळीत आमचं घर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, निजामाच्या काळात तहसिलीत उर्दूतून कागद लिहायचे. राज्य बदललं तसं उतारवयात मराठी दप्तर शिकले आणि पेन्शन घेऊन घरी बसले. माझ्या लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच ह्यांना कारखान्यानं दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडलं, यंत्रांचं काम शिकायला. मी एकोणीस वर्षांची. सातवी पास, म्हणजे स्वतःच्या मते महापंडित.

महिन्यातून दोनदा निळं हवाई पत्र यायचं. मामंजी ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचायचे, आत्याबाई म्हणजे सासूबाई ज्वारी निवडत ऐकायच्या, आणि मी दाराआड. जाणारं पत्रही मामंजीच लिहायचे. शेवटी दोन बोटं जागा सोडून कागद आत सरकवायचे, "सूनबाई, तुझं काय ते लिही." आणि चिकटवायच्या आधी पुन्हा एकदा सगळं वाचायचे. मग मी काय लिहिणार? "इकडील सर्व ठीक. प्रकृतीस जपावे." ह्यांचा घरी राहिलेला सदरा मळला नसतानाही मी दर आठ दिवसांनी धुते, हे काय सासऱ्याच्या चष्म्याखालून धाडायचं असतं?

तिकडं ह्यांच्या घरमालकीणबाईंकडं टेलिव्हिजन होता. "रेडिओलाच काच बसवली हाय, दुसरं काय न्हाय," असं मामंजींनी आम्हाला समजावलं. त्यांनीही तो बघितला नव्हताच. कामावरून आल्यावर हे त्या म्हाताऱ्या बाईंशेजारी बसून विनोदी कार्यक्रम बघायचे. बाई हसल्या की का हसल्या ते विचारायचे, आणि त्यातनंच जर्मन शिकायचे. शिकलेलं मग पत्रात यायचं. देवनागरीत जर्मन वाक्य, खाली मराठी अर्थ.

एका कार्यक्रमात म्हणे एक माणूस बातम्या सांगावं तसा गंभीर चेहरा करून मंत्र्यांची टर उडवायचा. मामंजींनी वाचता वाचता चष्मा काढला.

"सरकारची मस्करी? अन् दुसऱ्या आठवड्याला पुन्हा तोच माणूस दिसतोय?"

"तसंच लिहिलंय न्हवं?" आत्याबाई म्हणाल्या.

"मग मुल्क लई मोठा म्हणायचा."

माझा जीव मात्र दुसऱ्याच कार्यक्रमात अडकला होता. त्यातला नवरा कायम परगावी. तो फोन करून सांगायचा, आज येतो. बायको कडाडायची, "ब्लाइब, वो डू बिस्ट!" आहेस तिथंच राहा! आणि असं ओरडत ओरडत मेजावर त्याचं ताट मांडायची. लोक हसायचे ते त्या ताटाला.

त्या बाईची सगळी वाक्यं मी पाठ केली. वाचून झालेलं पत्र कोनाड्यात पडायचं, तिथनं उचलायचं आणि गोठ्यात म्हशीसमोर म्हणून बघायचं. आत्याबाईंनी एकदा ऐकलं. "त्या मुक्या जनावराला कशापायी शिव्या देतीस गं?" विहिरीवर बायकांना मी ताटाचा विनोद सांगितला. एकीनं विचारलं, "मग जेवला का त्यो?" बाकीच्या घागरी घेऊन निघाल्या. मी एकटीच हसले, तेही उरकून घेतल्यासारखं.

दोन वर्षं संपत आली. पत्र आलं की आणखी एक वर्ष राहतोस का म्हणून कारखान्यातले विचारतायत. घरच्यांचं काय मत? मामंजींनी उत्तरात लिहिलं, "तुझ्या मनास येईल तसे करावे," आणि कागद आत सरकवला.

मला लिहायचं होतं, या. मराठीत हात रेटेना. पण मामंजींना न कळणारी एक भाषा आता माझ्यापाशी होती! तिच्यात 'या' कसं म्हणतात ते तेवढं मला ठाऊक नव्हतं. माझं सगळं जर्मन त्या भांडखोर बाईचं. पण ओरडताना ती ताट मांडत असते, हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मी ऐटीत लिहिलं, "ब्लाइब, वो डू बिस्ट." मामंजींनी विचारलं, "हे काय?" म्हटलं, "टेलिव्हिजनमधलं." त्यांनी पत्र चिकटवलं. ते पोचेपर्यंत मी मनातल्या मनात सोलापूरच्या स्टेशनवर ह्यांना आणायलाही जाऊन आले.

उत्तर आलं. मामंजी वाचू लागले, "तिचं वाक्य वाचून घरमालकीणबाई पोट धरून हसल्या. मीही खूप हसलो. ती मजेत आहे, चेष्टा सुचते आहे, हे बघून जीव हलका झाला. एक वर्ष वाढवून घेतलं."

विनोद अगदी नेमका पोचला होता. मी दाराआड हसले सुद्धा, रीत म्हणून. मग गोठ्यात गेले आणि कडब्याच्या पेंढीवर तोंड दाबून बसले.

बाहेर खाकरल्याचा आवाज आला. सून असेल तिथं मामंजी खाकरल्याशिवाय येत नसत. दाराशीच, तोंड दुसरीकडं करून उभे राहिले.

"त्या ओळीत काय लिहिलंवतंस?"

मी सांगितलं. ताटासकट सगळं. आणि मला काय लिहायचं होतं, तेही. दोन वर्षांत पहिल्यांदा ते मराठीत तोंडातून निघालं. मामंजींनी उपरण्यानं चष्मा पुसला, पण डोळ्याला लावला नाही. मग म्हणाले,

"मी ये म्हणलं असतं तर पोराच्या आड आल्यागत झालं असतं. तू म्हणशील म्हणून मी थांबलो होतो, बाई."