तीन सारखे आकडे

माझ्या सुनेने पस्तिशी उलटल्यावर पुन्हा बारावीचा अभ्यास काढला. इंग्लंडात त्याला ए-लेव्हल म्हणतात. मला ते पटलं नव्हतं आणि मी तसं मुलाला फोनवर सांगितलं.

"घरात काही कमी पडतंय का?"

"नाही, आई."

"मग काहून?"

"तिला डेंटिस्ट व्हायचंय."

"तेव्हाच व्हायचं होतं."

"तेव्हा मार्क कमी पडले."

"आता कोण जास्त देणार आहे?"

तो हसला नाही. म्हणाला, "तू सहा महिन्यांसाठी ये. पोरीकडे बघायला घरात कोणी नाही. तू आलीस तर तिचा अभ्यास तरी होईल."

म्हणून मी इंग्लंडात मेडनहेडला त्यांच्या घरी आले. सुनेच्या शिक्षणासाठी नाही, नातीसाठी आले. हे मी तिलाही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, "चालेल आई. कशासाठी का होईना, आलात ना."

मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. नवरा गेल्यावर नागपुरात खानावळ चालवली. मेडिकलची, डेंटलची पोट्टी माझ्याकडे जेवायची. त्यामुळे शिकलेल्या माणसांचा मला धाक नाही. ती कशी शिकतात ते मी ताट वाढताना जवळून पाहिलंय.

सून आमच्या नागपूरचीच. बारावीला सायन्स होतं, डेंटलची सीट थोडक्यात हुकली. मग बी.एस्सी., मग लग्न, मग इंग्लंड. इथे ती दातांच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. डॉक्टर खुर्चीवर वाकतो, ही शेजारी बसून लाळ ओढायची नळी धरते, हत्यारं हातात देते. "आई, नळी किती वर्षं धरू?" असं तिने मला एकदा विचारलं होतं.

तिने युनिव्हर्सिट्यांना विचारलं तेव्हा त्यांनी कळवलं, तुझं सायन्स फार जुनं झालं. केमिस्ट्री आणि बायोलॉजी इथल्या पद्धतीने नव्याने कर, मग अर्ज कर. भात शिळा होतो हे मला माहीत होतं. केमिस्ट्रीही शिळी होते हे नवीन होतं.

मी म्हटलं, "पाण्यात आता वेगळं काही निघालंय का?"

"पाणी तेच आहे. माझ्या डोक्यातलं आटलंय."

हे मात्र खरं होतं. जुनं पुस्तक उघडून बसायची आणि पान न उलटता उठायची. मग हळूहळू लागलं. सकाळी कामावर जायच्या आधी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत मोठ्याने पाठ करायची. फ्रिजपाशी सुरू व्हायचं आणि मागच्या दारापाशी संपायचं, मग परत फ्रिज. मी तिच्या वाटेतून पोळपाट सरकवत राहायचे. नात इथेच जन्मलेली. ती दुधातलं सीरियल खाता खाता म्हणायची, "आजी, मम्मा भिंतीशी बोलतो."

"बोलू दे. भिंत उलट बोलत नाही."

पाठ केलेलं इथे फारसं चालत नाही हे तिला लवकरच कळलं. सरावाच्या पेपरात ती पानभर लिहायची आणि तपासणारा खाली लिहायचा, विचारलंय ते लिहिलं नाही. ती चिडायची, पुन्हा लिहायची. चिवट आहे. ते मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

ईस्टरच्या सुट्टीत तिचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आलं. घरी बसून परीक्षा देणाऱ्यांना शाळेची लॅब नसते. त्यांनी एखाद्या सेंटरला जाऊन काही दिवस तिथे प्रयोग करायचे. शिकवणाऱ्या बाईंना काम पटलं की त्या सही करतात आणि प्रॅक्टिकल पास होतं. ही सही नसेल तर लेखी पेपरात कितीही मार्क पडोत, युनिव्हर्सिटी अर्जाकडे बघत नाही. सुनेला जागा मिळाली ती दूर नॉटिंगहॅमच्या सेंटरला. दवाखान्यातून एवढी सुट्टी पुन्हा मिळणार नव्हती. म्हणजे जे व्हायचं ते याच खेपेला.

परीक्षेच्या दिवसांत तिला बाहेरचं अन्न पचत नाही. नुसतं आंबट पाणी वर येतं. म्हणून मुलगा नातीला सांभाळायला रजा घेऊन घरी राहिला आणि मी बॅगेत तवा घालून तिच्याबरोबर निघाले. इथल्या बुद्धविहारात कार्यक्रमांना येणारं एक कुटुंब नॉटिंगहॅमला राहतं. ते भारतात गेलं होतं. त्यांनी घराची किल्ली दिली. घर थंडगार होतं, पण गॅस चांगला होता.

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली आणि कोट न काढता खुर्चीत बसली.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग कोट काढ."

कोट काढला नाही. मी चहा ठेवला. अर्धा कप संपल्यावर बोलायला लागली.

त्या दिवशीचा प्रयोग टायट्रेशनचा होता, म्हणजे असा. काचेची एक लांब नळी, तिच्यावर आकडे, खाली तोटी. नळीतलं औषध खालच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. पाण्याचा रंग पालटला की तोटी बंद करायची आणि किती औषध लागलं तो आकडा लिहायचा. हे निदान तीनदा करायचं. तिचं पहिल्यांदा जास्त गेलं, दुसऱ्यांदा कमी लागलं, तिसऱ्यांदा दोन्हींच्या मध्ये काहीतरी आलं. हे तिन्ही आकडे तिने टिश्यूवर टिपले. मग वहीत पट्टीने रेघा मारल्या, सुंदर तक्ता केला, आणि त्यात तिन्ही ठिकाणी एकच आकडा लिहिला. टिश्यू कचऱ्यात टाकला.

"का?" मी विचारलं.

"आमच्याकडे असंच असायचं, आई. बारावीला तिन्ही रीडिंग सारखीच लिहायची. वेगळी लिहिली तर सर म्हणायचे, हात स्थिर नाही तुझा, जा, परत लिहून आण."

"परत करून आण?"

"नाही. लिहून आण."

सुनेच्या सांगण्यावरून शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा थोड्या लहान असाव्यात. केस पांढरे, बारीक कापलेले. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, तिन्ही असेच आले? सून हो म्हणाली. कच्चे आकडे कुठे आहेत? टाकले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असं सहसा होत नाही. उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मला भेट आणि नेमकं काय झालं ते सांग. आज मी या पानावर सही करत नाही.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला आणि सगळं पुन्हा सांगितलं.

"सिंपल आहे," तो म्हणाला. "सांग, तसंच आलं. प्रूव्ह कोण करणार?"

"आणि परत करून दाखव म्हणाल्या तर?"

"कॉन्फिडन्सने बोल ना. तू आधीच गिल्टी असल्यासारखी बोलतेस."

मी म्हटलं, "तू फोन ठेव आणि पोरीचे केस विंचर. काल व्हिडिओत झिपरी दिसत होती."

त्याने ठेवला. मी भाकरीचं पीठ घेतलं.

"म्हणजे खोटं लिहिलंस," मी म्हटलं.

"खोटं नाही हो. काम तर मी केलंच ना! नुसतं नीटनेटकं लिहिलं."

"आले एक आणि लिहिले दुसरे. याला आमच्याकडे खोटंच म्हणतात."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" ती ओरडली. एरवी ती माझ्यावर आवाज चढवत नाही.

"काही कळत नाही. पण जर्नलं लिहिताना पोट्टी मी खूप पाहिलीत."

पाहिली होतीच. प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी माझ्या खानावळीत टेबलं पुसायला मिळायची नाहीत. एकाची वही मध्ये ठेवून चौघंजण उतरवून घ्यायचे. वरणाचे डाग पडायचे, तेही सगळ्यांच्या वहीत. आकडे आधी लिहायचे, कॉलेजात जाऊन काम नंतर. एकदा मी एकाला विचारलं, तुझा आकडा वेगळा आला तर? तो म्हणाला, "काकू, वेगळा येतोच. म्हणून तर बघून लिहितो." सगळे हसले, मीही हसले. माझं काय जात होतं? पुढे ही पोट्टी डॉक्टर झाली. त्यांतल्याच एकाकडून मी म्हातारपणी वरच्या दातांची कवळी बसवून घेतली. माप एकदाच घेतलं. दुसऱ्यांदा बोलावलं होतं, गेले तर म्हणाला, "राहू द्या काकू, अंदाज आलाय मला." तेव्हापासून ती कवळी हलते. बोलताना मी जिभेने दाबून धरते. खाताना तेही जमत नाही.

ही गोष्ट मी तिला त्या संध्याकाळी सांगितली. सांगता सांगता कवळी काढली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"हा बघ तुझा सारखा आकडा."

दुसरी कोणी असती तर तोंड फिरवलं असतं. हिचं रोजचंच काम. तिने ती उचलली, दिव्याखाली उलटी करून पाहिली. "मागे डाव्या बाजूला टेकतच नाही ना?"

"नाही."

"आई, पण याचा आणि टायट्रेशनचा काय संबंध?"

"मला काय माहीत? तू सायन्सवाली."

बिनदाताच्या तोंडाने मी ते बोलले ते भलतंच काहीतरी ऐकू आलं असावं. ती हसायला लागली. मग रडली थोडी. मी भाकऱ्या थापत राहिले. रडणाऱ्या माणसाला हात लावायची मला सवय नाही. तिने कवळी धुऊन परत आणून दिली आणि शेवटी एकदाचा कोट काढला.

माझ्यामुळे ती शहाणी झाली असं मी म्हणणार नाही. तिने काय ठरवलं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सकाळी दारात बूट घालताना एवढंच म्हणाली, "हाकलून दिलं तर?"

"तर दुपारी गरम भाकरी मिळेल."

दुपारी ती आली नाही. संध्याकाळी उशिरा आली, हातांना कसल्याशा औषधाचा वास घेऊन.

तिने बाईंना सरळ सांगितलं होतं. आकडे वेगळे आले, मी सारखे करून लिहिले, आम्हाला तसंच शिकवलंय. बाईंनी विचारलं, आणि ते सारखे आकडे बरोबर आहेत हे तुला कोणी सांगितलं? ही म्हणाली, कोणीच नाही. मग बाईंनी त्या सुंदर पानावर उभी रेघ मारली. जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं सँडविच घेऊन त्या लॅबमध्ये बसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा कर. टिश्यू नाही, पट्टी नाही. जे दिसेल ते त्याच क्षणी पेनने वहीत. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेवटच्या दिवसापर्यंत असंच चाललं तर सहीचं बघू, आज नाही.

तिने मला ते नवं पान दाखवलं. इंग्रजी मला येत नाही, आकडे वाचता येतात. पहिला आकडा खोडलेला. दुसरा एकीकडे, तिसरा भलतीकडे, मग एक आणखी खोडलेला. शेवटचे दोन जवळजवळ होते, पण सारखे नव्हते. एका कोपऱ्यात थेंब पडून कागद फुगला होता.

"पहिला तर गेलाच," ती म्हणाली. "त्या समोर बसून काकडीचं सँडविच खात होत्या आणि माझं लक्ष थेंबांऐवजी त्यांच्याकडे. पहिल्यांदा तोटी बंदच झाली नाही माझ्याकडून."

"हे असलं पान बाई घेणार?"

"असलंच पाहिजे त्यांना."

मग उरलेले दिवस ती रोज असली पानं करत गेली. संध्याकाळी आली की आधी वही काढायची आणि मी काही न विचारता काय चुकलं ते सांगायची. एकदा काच फुटली. एकदा औषध भलत्याच बाटलीतलं घेतलं होतं, तेही लिहिलं होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला ते कोणाला तरी सांगायचं असायचं आणि घरात मीच होते.

सहीच्या दिवशी मी तिच्याबरोबर सेंटरपर्यंत गेले. आत सोडत नाहीत, म्हणून बाहेर बाकावर बसले. वारा फार होता. तवा मांडीवर होता, कारण तिथूनच स्टेशनवर जायचं होतं. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"झाली?"

"झाली."

"काही बोलल्या?"

"म्हणाल्या, फुटलेल्या काचेचं तू लिहिलंस ते बरं केलं. बास. हात मिळवला."

"एवढंच?"

"एवढंच."

मला त्या बाई आवडल्या.

घरी पोचल्यावर नातीने वही उघडली. तिच्या शाळेत अक्षर चांगलं आलं की स्टार देतात. तिने खोडाखोड बघितली आणि नाक मुरडलं. "मम्मा, किती मेसी आहे! मिसने याला स्टार दिला?"

"दिला," सून म्हणाली.

"पण का?"

ती नातीला मांडीवर घेऊन समजावत बसली. मी तवा घासायला घेतला.

मे-जूनमध्ये तिचे लेखी पेपर झाले आणि मी नागपूरला परतले. ऑगस्टमध्ये निकाल लागला. हवे होते ते ग्रेड मिळाले, बायोलॉजीचा कसाबसा. धम्मचक्र दिन आटोपून मी पुन्हा इथे आलेय. तोवर तिने अर्ज केले होते. एका युनिव्हर्सिटीने नाही म्हटलंय, बाकीच्यांचं उत्तर यायचंय. मुलाखतीला बोलावलं तरी पुढे पाच वर्षांचं शिक्षण आहे. तिने मला तसं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, तोवर मी असेन का? म्हणाली, ते मी लिहून देऊ शकत नाही, आई.

कवळी नीट कर म्हटलं तर हात लावत नाही. मी अजून नर्स आहे, मला ते काम करता येत नाही, म्हणते. आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागते. मी गेले नाही. डाव्या बाजूला अजून हलते. भाकरी कालवणात भिजवून खाते मी.